नातवंडांना लाकूड कोरायला शिकवताना: सुरी सगळ्यात शेवटी, साबण आधी

परवा भाचीचा फोन आला, मावशी, मुलगी पाच वर्षांची झाली, तुझ्या नातवंडांसारखं तिलाही लाकूड कोरायला शिकवायचंय, सुरी कुठली घेऊ. मी म्हटलं सुरी आत्ता घेऊच नकोस गं, अंगाला लावायचा साबण घे. तिला वाटलं मी टाळतेय. पण सुरुवात खरंच तिथून करायची असते, आणि फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून नीट लिहून काढतेय, अजून कोणाला आपल्या मुलांना नातवंडांना शिकवायचं असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल.

माझे बाबा सुतार, गोव्यातल्या फोंडा महालातले. पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे असली कामं करायचे आणि मी शाळेतून आले की त्यांच्या शेजारी ढलप्या गोळा करत बसायचे. सात-आठ वर्षांची असेन, मी पटाशी मागितली तर त्यांनी शिवणीचा एक तुकडा हातात दिला आणि म्हणाले, डोळे मिट आणि नखाने सांग, कुठल्या बाजूने नख सरकतं आणि कुठल्या बाजूने अडतं. मला तेव्हा राग आला होता. आता मी स्वतः नातवाला आणि नातीला शिकवते तेव्हा कळतं की पहिला धडा तोच होता, मुलाच्या हाताला आधी लाकूड वाचता आलं पाहिजे, वस्तू काय बनते ते नंतर. नातू नऊ वर्षांचा आहे, नात सहाची, आणि दोघांना मी एकच क्रमाने नेतेय, फक्त वेग वेगळा.

तर साबण. वडी नवीन पाहिजे, रॅपर काढल्या काढल्या कोरायला घ्यायची, कारण महिनाभर उघडी राहिलेली वडी कोरडी होऊन तुकडे पडतात आणि मूल रडतं. हत्यार म्हणून आइस्क्रीमची लाकडी काडी, तिचं एक टोक फरशीवर तिरकं घासून घ्यायचं, एक जुना चमचा आणि डोळा करायला टूथपिक, एवढं बास. पहिलं काम म्हणजे वडीवरची कंपनीची अक्षरं खरवडून साफ करायची, यातच मुलाला किती जोर लावायचा ते समजतं. मग बांगडा. कागदावर मुलालाच काढू द्या, कापून वडीवर ठेवा आणि टूथपिकने कडेकडेने टोचून रेघ पाडा. आधी चार कोपरे काढायचे, मग पोट गोल करायचं, मग शेपटीकडे निमुळतं करत जायचं. इथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची की थोडं थोडं काढ बाय, काढलेलं परत चिकटत नाही. माझ्या नातीने पहिल्या बांगड्याची शेपटी दोनदा मोडली, तिसऱ्या वेळी तिने स्वतःच शेपटी जाड ठेवली आणि शेवटी हळूहळू बारीक केली, मी काही बोलले नव्हते. साबणाचा हात डोळ्याला लागू देऊ नका तेवढं सांभाळा, आणि निघालेला चुरा बादलीत टाकला की कपडे धुवायला होतो.

चवथीच्या आधी दीड-दोन महिने गावोगावच्या चित्रशाळांमध्ये गणपतीचं काम चालू असतं, तिथे ओळखीच्या मूर्तिकाराकडून मातीचा एक गोळा मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. ओल्या मातीत मुलं फक्त दाबतात. ती एक-दोन दिवस सावलीत ठेवून घट्ट खरवसासारखी झाली की मग चमच्याने कोरता येते, कडा धारदार निघतात आणि मुलांना फार मजा येते. त्याच वेळी मूर्तिकार डोळे आणि बोटं कशी कोरतो ते जवळून बघायला मिळतं, हे कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला लाकडावर आणायचं असेल तर बटाटे सोलायचं सोलाणं वापरा. ओली ताजी फांदी, अंगठ्याएवढी जाड आणि दीड वीत लांब. एक टोक मुलाच्या हातात, दुसरं टोक पाटावर टेकवलेलं, आणि सोलाणं अंगापासून लांब ढकलायचं. साल निघते, आतलं पांढरं ओलं लाकूड दिसतं, त्याला वास येतो, आणि मूल अर्धा तास गप्प बसतं. आमच्या परसात जास्वंदीच्या जुन्या जाड फांद्या छाटतो त्या मी यासाठी ठेवते, साल लांब लांब पट्ट्यांनी निघते आणि आतलं लाकूड मऊ असतं. ओलं लाकूड सुक्यापेक्षा खूप सोपं कापलं जातं हे कायम लक्षात ठेवा, लहान मुलाच्या हातात कडक सुकलेला साग दिलात तर ते दहा मिनिटांत कंटाळणार आणि परत कधी मागणार नाही.

आता लाकूड कुठलं. माझं आवडतं शिवण, हलकं, फिकट, एकसारखं कापलं जाणारं, बाबा पण शिकाऊ पोरांना हेच द्यायचे. पांगारा त्याहून मऊ, सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी पूर्वीपासून पांगाऱ्याची करत आलेत, फक्त सालीवर काटे असतात ते मोठ्यांनी आधी काढून द्यायचे. सावर पण मऊ पण फार भुसभुशीत, कड नीट राहत नाही. आंबा चालतो पण सुकलेला, ताज्या फांदीला चीक असतो आणि काही मुलांच्या कातडीवर चट्टे उठतात. साग छान दिसतो पण त्याच्यात वाळूसारखे बारीक कण असतात, सुरीची धार भराभर जाते, तो मोठ्यांसाठी ठेवा. माडाचं लाकूड मुलांना देऊच नका, धागे जाड आणि कुसळं बोटात घुसतात. बांबू फोडला की त्याची कड ब्लेडसारखी होते, तोही नको.

आणि काही झाडं अशी की त्यांच्या फांदीला हातच लावू द्यायचा नाही. कण्हेर, सगळी विषारी, तिची काडी तोंडात गेली तरी धोका. काजरा, जो आपल्याकडे रानात आणि बांधावर सर्रास दिसतो, तो विषारी. बिब्बा, अंगाला फोड येतात. काजूची ताजी फांदी आणि चाफा, दोघांचा चीक त्रास देतो. मुलं फांदी तोंडात घालतात, वास घेतात, ओल्या हातांनी डोळे चोळतात, म्हणून ओळख नसलेल्या झाडाची फांदी आणली तर ती परत टाकून यायची, हा नियम माझ्याकडे पक्का आहे. जुन्या घराच्या दार-खिडक्यांचे रंगवलेले तुकडे पण घासायला देऊ नका, जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं आणि ती धूळ मुलांच्या पोटात जाते. प्लायवूड आणि एमडीएफ पण नको, तो सगळा गोंदाचा भुसा.

लाकूड विकत घ्यायची गरज पडत नाही खरं तर. सॉमिलमध्ये किंवा जवळच्या मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, तुकडे मागा, आणि पावसाच्या आधी वीजखात्याची माणसं तारांजवळच्या फांद्या छाटतात तेव्हा रस्त्याकडेला हवं तेवढं मिळतं. मुलांसाठी म्हणून झाड मात्र तोडू नका, गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि मुलांनी पहिल्याच दिवशी काय बघितलं हा पण प्रश्न आहे ना. आणलेली ओली फांदी लगेच वापरायची नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा म्हणजे उन्हाने चिरत नाही, पण पावसाळ्यात आठवड्याच्या वर ठेवलीत तर बुरशी धरते.

सुरी कधी द्यायची याला वयाचा आकडा नाही. मी बघते की मूल सांगितलेलं थांबून ऐकतं का, आणि थकलं की स्वतःहून खाली ठेवतं का. माझ्या नातवाला सातव्या वर्षी दिली, नातीला अजून दिली नाही. पातं बोटाएवढं लांब, ५ ते ७ सेंटिमीटर, त्याहून मोठं नको, न दुमडणारं, टोक गोल केलेलं असेल तर उत्तम, मूठ मुलाच्या मुठीत मावणारी. कटर नको, त्याचं पातं मोडतं. डावखुरं मूल असेल तर त्याला उजव्या हाताने धरायला लावू नका, दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेली सुरी घ्या आणि त्याच्या समोर बसून दाखवा, म्हणजे आरशात बघितल्यासारखं त्याला कळतं.

लाकूड धरणाऱ्या हातात कट न होणारा हातमोजा घाला, तो हार्डवेअरमध्ये किंवा ऑनलाईन मिळतो. पण त्याच्या भरवशावर राहू नका, तो घसरलेली धार अडवतो, टोचलेलं टोक नाही.

बसायची पद्धत मी फार कडकपणे पाळते. बुटक्या स्टुलावर बसायचं, कोपर गुडघ्यावर टेकवायचे आणि काम गुडघ्यांच्या पुढे, मांडीवर किंवा दोन मांड्यांच्या मध्ये कधीच नाही, कारण मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. सुरी हातात घ्यायच्या आधी हात लांब करून गोल फिरवायचा, कोणाला लागला तर तो माणूस लांब सरकणार. सुरी हातात असताना उठायचं नाही, कोणी हाक मारली तरी आधी सुरी चटईवर आणि मग मान वर. हातातून हातात सुरी द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. आमच्याकडे सुऱ्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात असतात, मी मोजून काढते आणि मोजून ठेवते.

पहिला काप अंगठ्याच्या रेट्याचा शिकवा. उजव्या हातात सुरी, डाव्या हातात लाकूड, आणि डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर, म्हणजे बोथट बाजूवर. सुरीचा हात जवळजवळ हलतच नाही, अंगठाच पातं पुढे रेटतो, एका वेळी जेमतेम एक सेंटिमीटर. ढलपी पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली पाहिजे. जाड निघाली तर मूल फार खोल घुसलंय, पातं थोडं आडवं करायला सांगा. हा काप जमला की सुरी घसरून लांब जाऊच शकत नाही, म्हणून लहान मुलांसाठी हाच. मग थांबकाप, म्हणजे जिथे काम थांबायचं तिथे आधी आडवी चीर पाडायची, नंतर तिच्याकडे कापत यायचं, ढलपी चिरेपाशी येऊन आपोआप सुटते. माशाचे कल्ले असेच होतात. स्वतःच्या अंगठ्याकडे ओढून कापायचा काप, जसा आपण कैरी सोलताना कापतो, तो अकरा-बारा वर्षांच्या आधी नको. गोल पटाशी आणि हातोडा पण तेव्हाच, आणि लाकूड शेगड्यात किंवा क्लॅम्पमध्ये घट्ट धरूनच, हातात धरून पटाशी मारायची नाही.

आता ते लाकूड वाचायचं. शिवणीचा तुकडा घ्या, मुलाला डोळे मिटून नख फिरवायला लावा. मग लाकडाचा बांगडा करायला घ्या, तोच साबणाचा बांगडा. पोटाकडून शेपटीकडे सुरी नेली की ढलपी सुरसुरत निघते आणि मागे चकचकीत गुळगुळीत जागा राहते. शेपटीच्या बारीक जागेकडून पोटाकडे नेली की कचकच आवाज येतो, पातं आत घुसतं आणि लाकूड चिरत जातं. हे मुलाला एकदा मुद्दाम करू द्या, फुकट गेलेल्या तुकड्यावर. नातवाला मी सांगितलं होतं की डोंगर उतरायचा, चढायचा नाही, पोट म्हणजे डोंगर आणि शेपटीची कंबर म्हणजे दरी, आणि शेपटीच्या दुसऱ्या बाजूनेही दरीकडेच उतरत यायचं. एक दिवस तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, आजी, इथे आवाज बदलला. तिथे आत गाठ होती, बाहेरून दिसत नव्हती. तेव्हा मला खात्री झाली की आता याच्या हातात सुरी निर्धास्त देता येईल.

बांगड्यानंतर पोईला, म्हणजे आपल्या कोंड्याच्या पावाला, लोणी लावायची लाकडी सुरी करायला द्या, हे माझ्या मते मुलांचं सगळ्यात चांगलं पहिलं उपयोगाचं काम. शिवणीची पट्टी, १८ सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद, जाडी साधारण ८ मिलीमीटर. पेन्सिलीने आकार काढा, करवतीने ढोबळ आकार मोठ्यांनी कापून द्या, मुलाने फक्त कडा मोडायच्या, मूठ गोल करायची आणि पातं पातळ करत न्यायचं. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, थकलेला हातच चुकतो. चार-पाच दिवसांत होते. आणि सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेल्यावर स्वतः केलेल्या सुरीने पोईला लोणी लावताना मुलाचा चेहरा बघा.

नंतर दवलो, म्हणजे करवंटीची पळी. करवंटीचा अर्धा भाग बाहेरून पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा, हे काम सहा वर्षांचं मूल पण करतं, नाक-तोंडाला मास्क बांधून आणि बाहेर अंगणात. भोकं मोठ्यांनी पाडायची, कडेजवळ समोरासमोर दोन. दांडा मूल कोरतं, टोकाकडे निमुळता, म्हणजे दोन्ही भोकांतून घट्ट बसतो. दोन भावंडांना एकत्र करायला हे फार चांगलं, एकाने करवंटी, एकाने दांडा.

पॉलिश पेपर ८० नंबरने सुरू करा, मग १२०, मग २२०, आणि नेहमी लाकडाच्या धाग्याच्या दिशेने घासा, आडवं घासलं तर ओरखडे राहतात. शेवटच्या घासणीआधी ओलं फडकं फिरवून सुकू द्या, बारीक तंतू उभे राहतात, ते २२० ने हलकेच काढले की पुढे पाण्यात धुतलं तरी वस्तू खरखरीत होत नाही. वर खोबरेल तेल, बोटाने चोळून, दोन दिवस दोन वेळा. जवसाचं तेल लावलंत तर ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, दोरीवर पसरून वाळवा आणि मगच टाका.

धारेबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण आमच्याकडे जो एक अपघात झाला तो बोथट सुरीमुळेच. आदल्या दिवशी मी त्याच सुरीने पुठ्ठे कापले होते आणि धार न लावता डब्यात ठेवली. नातवाने नेहमीसारखा अंगठा रेटला, कापेना, त्याने जोर वाढवला आणि पातं सटकन घसरून डाव्या तर्जनीवर. त्या दिवशी मोजाही घातला नव्हता. चूक पूर्ण माझी होती आणि मी त्याला तसं सांगितलं. धारदार सुरी कमी जोरात कापते म्हणून ताब्यात राहते, बोथट सुरी जोर मागते. आता प्रत्येक बैठकीच्या आधी मी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पातं दहा-बारा वेळा ओढते, धार मागे आणि पाठ पुढे, आणि महिन्यातून एकदा पाण्याच्या दगडावर. आपल्याकडची हवा खारट आणि दमट, पावसात तर एका रात्रीत तांबेरा चढतो, म्हणून ठेवताना पात्याला खोबरेलचा हात फिरवायचा.

कापलंच तर आरडाओरडा करू नका. स्वच्छ पाण्याखाली धरा, स्वच्छ फडक्याने दाबून हात वर धरा आणि पूर्ण दहा मिनिटं दाबून ठेवा, मध्ये मध्ये उघडून बघू नका. हळद किंवा कॉफी पावडर भरू नका, डॉक्टरला नंतर जखम साफ करायला त्रास होतो. दहा मिनिटांनी पण रक्त थांबलं नाही, कड उघडी दिसते, बोट बधिर आहे किंवा वाकत नाही, तर सरळ दवाखान्यात, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते विचारून घ्या. नातवाला दोन टाके पडले. पंधरा दिवसांनी त्यानेच डबा आणून समोर ठेवला.

आणखी एक, तुम्ही मुलाच्या डोक्यावर उभे राहून बघत बसू नका, शेजारी बसून स्वतःचं काहीतरी कोरत राहा. मला कोरायला येत नाही म्हणाल तर मुलाबरोबरच शिका, चालतं. मुलं तोंडाने सांगितलेलं अर्धं ऐकतात आणि हाताचं सगळं बघतात. आणि त्यांचं काम रात्री गुपचूप नीट करून ठेवू नका, त्यांना कळतं. नातवाचा पहिला लाकडी बांगडा एका बाजूला फुगलाय, एक डोळा वर एक खाली, तो तसाच स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे.

मधे मधे त्यांना बघायला न्या. म्हार्दोळला महालसेच्या देवळात गेलात तर फक्त पितळेची समई बघून परत येऊ नका, लाकडी खांबांजवळ उभे राहा आणि मुलांना विचारा की कारागिराने सुरुवात कुठून केली असेल. जुन्या गोव्याच्या चर्चमधल्या सोनेरी वेद्या आतून लाकडाच्या आहेत, वर सोन्याचा वर्ख, हे नातीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ तोंड वर करून बघत राहिली. कुंकळ्ळीला चित्तारी कारागिरांचं लाकडावरचं रंगीत लाखेचं काम, आणि बाणावलीला गोवा चित्र म्युझियममध्ये जुनी शेतीची आणि घरातली अवजारं, तिथल्या लाकडी मुठी हाताने किती झिजल्यात ते दाखवा.

नातीला सुरी अजून वर्षभर नाही. ती रोज विचारते, मी रोज सांगते की आवाज ओळखता आला की देईन, आणि ती नातवाच्या शेजारी बसून कान देऊन ऐकते. तिच्यासाठी शिवणीचा एक तुकडा मी माळ्यावर सुकायला टाकून ठेवलाय, दोन्ही टोकांना मेण लावून, म्हणजे चिरणार नाही.